रंगाखाली ओल तशीच
इंग्लंडमधील रॉचडेल येथे डिसेंबर २०२० मध्ये दोन वर्षांचा अवाब इशाक दगावला. घरातील बुरशीशी दीर्घकाळ संपर्क आल्याने जडलेला श्वसनविकार हेच कारण, असे २०२२ च्या चौकशीत ठरले. वडिलांनी २०१७ मध्येच तक्रार केली होती. सल्ला मिळाला तो वर रंग मारण्याचा. पण भिंतीतली ओल हटली नाही, तर बुरशी पुन्हा येते आणि मेलेल्या बुरशीचे कणही दमेकऱ्याला छळतात. स्वयंपाक-आंघोळीच्या वाफेमुळे ओल धरते, असे म्हणून भाडेकरूला दोष दिला जातो. वाफ होतेच, मात्र हवा खेळती ठेवणारी रचना आणि गळतीची दुरुस्ती घरमालकाच्या हाती असते. अवाबच्या नावाच्या कायद्याने तिथल्या सामाजिक घरांच्या मालकांना आता दुरुस्तीसाठी मुदतीचे बंधन आहे. पावसाळ्यात पाझरणाऱ्या आपल्याकडच्या भाड्याच्या खोल्यांच्या मालकांनाही ते हवे.