गप्प टेस्टरवर भरवसा नको



या पानावर एरवी बियाण्याचं, खताचं, फवारणीचं बोलणं होतं. आज विजेचं बोलू. कारण आपल्या नाशिक जिल्ह्यात विजेवाचून शेती उरलेली नाही. निफाड-दिंडोरीची द्राक्षबाग घ्या, चांदवड-येवल्याचा कांदा घ्या, नाहीतर बागलाण-देवळ्याकडचं डाळिंब घ्या; विहिरीवरची मोटर चालली तर पुढचं सगळं. आणि ऐन पाणी भरायच्या वेळी मोटर बंद पडली, तर वायरमनची वाट बघत बसणारे किती? स्टार्टरची पेटी आपणच उघडतो. जिथे अजून रात्रपाळीची वीज आहे तिथे तर अंधारात, चिखलाच्या पायांनी, तोंडात बॅटरी धरून उघडतो.

अशा वेळी अलीकडे पुष्कळांच्या खिशात एक नवे हत्यार दिसते. पेनाएवढे, प्लॅस्टिकचे. तारेला टेकवावे लागत नाही, नुसते जवळ नेले की लाल दिवा लागतो आणि टीं-टीं वाजते. काही शे रुपयांपासून मिळते. कोणी त्याला पेन टेस्टर म्हणते, कोणी आवाजाचा टेस्टर.

वस्तू चांगली आहे, घ्यायला हरकत नाही. पण तिच्या जिवावर जी बेफिकिरी वाढते आहे ती चांगली नाही. म्हणून सुरुवातीलाच सांगतो: हा टेस्टर वाजला तर त्याचे ऐका, गप्प राहिला तर त्याचे ऐकू नका.

असे का, ते समजायला हा टेस्टर चालतो कसा ते बघावे लागेल. आपल्याकडची लाइनची वीज एसी, म्हणजे सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होणारी. अशा जिवंत तारेभोवती विजेचा एक प्रभाव पसरलेला असतो. तो तारेवरच्या प्लॅस्टिकमधूनही बाहेर येतो. पेनाच्या टोकात तो ओळखणारी पट्टी असते आणि आतला बॅटरीवरचा भाग तेवढ्या क्षीण इशाऱ्याचा आवाज करून दाखवतो. पेन धरणारा माणूस जमिनीशी जोडलेला असणे हाही या कामाचा भाग आहे.

जुन्या स्क्रू-ड्रायव्हरसारख्या टेस्टरची रीत निराळी. तो उघड्या तांब्याला टेकवावा लागतो आणि मागच्या टोपीवर बोट ठेवले की अगदी थोडा प्रवाह आपल्याच अंगातून जमिनीत जातो, तेव्हा आतला निऑन दिवा लागतो. तो प्रवाह थोडाच राहावा म्हणून आत रोधक बसवलेला असतो. टेस्टर पावसात भिजला, तडकला, तर हे संरक्षण बेभरवशाचे. शिवाय भर उन्हात तो दिवा दिसतही नाही. या मानाने नवा पेन सुरक्षित, कारण उघड्या तांब्याशी गाठच पडत नाही.

त्याचा उपयोग कुठे होतो? पहिला, स्टार्टरच्या लोखंडी पेटीला हात लावण्याआधी. आतला फेज पेटीला चिकटलेला असेल आणि अर्थिंग तुटलेले असेल, तर पेटीच जिवंत होते. पेन जवळ नेल्यावर वाजला तर मागे फिरा. दुसरा, द्राक्षाच्या मांडवात किंवा तारेच्या कुंपणात. कुठेतरी सर्व्हिस वायर सोलून मांडवाच्या तारेला लागली, तर त्या ओळीतल्या कोणत्याही तारेला हात लावणाऱ्याला झटका बसू शकतो. कात्री चालवण्याआधी पेन फिरवून बघणे शहाणपणाचे. तिसरा, एकेरी वायर मध्येच तुटली असेल तर तिच्यावरून पेन सरकवत न्यावा. आवाज जिथे थांबतो त्याच्या आसपास तुटण्याची जागा सापडते. एवढ्यावर पैसे वसूल आहेत.

आता दुसरी बाजू ऐका.

सौर पंपांपासून सुरू करू. २०१९ मध्ये केंद्राची कुसुम योजना आली, २०२४ मध्ये राज्याची ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना आली. गावोगाव पॅनेल उभे राहिले. पॅनेलकडून येणारी वीज डीसी, एकाच दिशेची. हा पेन ओळखतो फक्त एसी. एका पॅनेलचे साधारण ४० ते ५० व्होल्ट धरले आणि असे आठ-दहा पॅनेल एका माळेत जोडले, तर तीन-चारशे व्होल्ट होतात. त्या वायरवर पेन ठेवा, तो मुका राहील. कंट्रोलर बंद केला म्हणून पॅनेल बंद होत नाही. ऊन आहे तोवर तिथपर्यंतची वायर जिवंतच. डीसीची ठिणगी एसीपेक्षा चिवट असते, सहजी विझत नाही. तेव्हा सौर पंपाच्या पेटीत या पेनाचे काम नाही. योजनेतल्या पंपाला पाच वर्षांची दुरुस्तीची हमी असते. कंपनीचा माणूस बोलवा.

तीच गोष्ट कपॅसिटरची. मोटरीला कपॅसिटर बसवा असे महावितरण वर्षानुवर्षे सांगत आले आहे आणि ते योग्यच आहे. पण वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज साठून राहतो, आणि तोही डीसीच. चांगल्या मालात तो उतरवणारा रोधक आत असतो. तो जळालेला असेल तर स्विच पाडल्यावरही झटका बसतो. पेन त्याचा पत्ता लागू देत नाही.

आणखी एक. तारेवर लोखंडी पट्टीचे कवच असेल, तार लोखंडी पाइपातून नेली असेल, तर तिचा प्रभाव बाहेर येत नाही आणि पेन गप्प बसतो. तिन्ही फेज एकाच केबलमध्ये शेजारी-शेजारी असले की एकमेकांचा परिणाम मारतात, मग आवाज मंद होतो किंवा येतच नाही. माणूस कोरड्या लाकडी शिडीवर उभा असेल, हातात रबरी मोजे असतील, पेनाची बॅटरी उतरली असेल, तरी तेच. तार तीच, वीज तीच, पेन मात्र काही नाही म्हणून सांगतो.

याच्या उलटही होते. बंद केलेली तार जिवंत तारेच्या शेजारून गेली असेल तर तिच्यावरही पेन वाजतो. पण खोट्या आवाजाने फार तर पाच मिनिटे वाया जातात, खोट्या शांततेने माणूस जातो. म्हणून वाजला की तार जिवंत समजायची, हाच नियम.

मोटर जळण्याचे एक कारणही इथेच दडलेले आहे. एक फेज गेला की आपण स्टार्टरवर पेन फिरवतो, तिन्ही ठिकाणी वाजतो आणि आपण म्हणतो, ‘तिन्ही फेज हायेत की!’ खरी गोष्ट अशी की गेलेल्या फेजवर आपल्याच मोटरीच्या, नाहीतर त्याच डीपीवरच्या दुसऱ्या मोटरींच्या वाइंडिंगमधून फिरून आलेली वीज असते. पुरे व्होल्टेज नसते, पण पेन वाजायला ती बस्स होते. किती व्होल्ट ते पेन सांगत नाही. ते मल्टिमीटरने, दोन-दोन फेजमध्ये मोजावे लागते. तिन्ही जोड्यांत ४१५ व्होल्टच्या आसपास आले तर फेज बरोबर.

शेवटची मर्यादा सर्वांत मोठी. टेस्टर सांगतो ती आत्ताची गोष्ट. पुढच्या मिनिटाची नाही. लाइन गेलेली आहे, पेन गप्प आहे, तुम्ही पेटीत हात घातला आणि तेवढ्यात फीडर चालू झाला, तर? ऑटोस्विच लावलेला असेल तर मोटरही आपोआप सुरू होते. वीज नसणे वेगळे आणि वीज आपण तोडलेली असणे वेगळे.

मग करायचे काय? मेन स्विच पाडा. किटकॅटच्या तिन्ही ग्रिप काढून स्वतःच्या खिशात घाला. दुसऱ्याला चुकूनही चालू करता येऊ नये. ऑटोस्विच बंद करा. कोरडी चप्पल-बूट घाला, हात पुसा. मग पेन आधी अशा ठिकाणी लावून बघा जिथे वीज आहे हे पक्के माहीत आहे. तिथे वाजला, तर कामाच्या जागी बघा. तिथे गप्प राहिला, तर परत पहिल्या जागी नेऊन वाजतो का बघा. या तीन पायऱ्या एका दमात. सगळीकडचीच वीज गेलेली असेल तर पेनाची परीक्षा होऊच शकत नाही; तेव्हा तार जिवंतच धरा. अखेरचा निकाल मल्टिमीटरचा किंवा दोन बल्ब सिरीजमध्ये जोडलेल्या टेस्ट लॅम्पचा. एकच बल्ब दोन फेजमध्ये लावाल तर तो फुटेल. पेन घेताना ‘कॅट थ्री’ किंवा ‘कॅट फोर’ आणि ६०० किंवा १००० व्होल्ट असे छापलेला घ्या. रस्त्यावरच्या टोपलीतला नको.

तुटून पडलेली तार दिसली तर पेन काढायचाच नाही. लांब राहा, गुरे-पोरे लांब ठेवा आणि १९१२ वर कळवा. ११ केव्हीच्या तारेच्या फार जवळ गेले तर न शिवताही ठिणगी उडून माणूस भाजतो. हा पेन त्या लाइनसाठी बनलेलाच नाही.

आता सरपंच मंडळींना आणि ग्रामपंचायतीच्या अधिकाऱ्यांना दोन शब्द. गावोगाव ‘झिरो वायरमन’ आहेत. ना नेमणूक, ना परवाना, ना विमा. पोरगा धाडसी आहे, हाकेला ओ देतो, म्हणून डीपीवर आपणच त्याला चढवतो. पथदिव्याचा बल्ब बदलायला पंचायतही त्यालाच पाठवते. पूर्वी तो भीतीने तरी जपून हात घालायचा. आता खिशात पेन आहे, म्हणून भीतीही गेली. डीपीवर एक डिओ पडलेला असला तरी उरलेल्या दोन फेजमधून वीज फिरून येते, हे त्याला कोणी शिकवलेले नसते. डीपीचे काम महावितरणच्या माणसानेच, सबस्टेशनवरून परमिट घेऊन, फीडर बंद करूनच करायचे असते. लोक घाई करतात, पाणी सुकते, हे मला दिसते. मी त्याच लोकांत फिरतो. पण एका पाण्याच्या पाळीसाठी कोणाचा मुलगा पणाला लावायचा अधिकार गावाला नाही.

पंचायतीने एवढे तरी करावे. पथदिव्यांसाठी परवानाधारक माणूस ठरवावा, त्याला मोजे, शिडी आणि मल्टिमीटर द्यावा, आणि विनापरवाना कोणाला खांबावर पाठवणार नाही असा ठराव ग्रामसभेत घ्यावा. महावितरणचा माणूस वेळेवर येत नसेल तर त्याची तक्रार लेखी करावी, ठरावाची प्रत जोडावी, पाठपुरावा करावा. तो आपला हक्क आहे. पण उशिराचा राग डीपीवर चढून काढायचा नसतो.

बंधूंनो, टेस्टर जरूर घ्या आणि खिशात ठेवा. फक्त पेटीत हात घालताना त्याच खिशात किटकॅटच्या तीन ग्रिपही आहेत ना, हे एकदा चाचपून बघा.