रुंद पाय, अरुंद बूट

म्हैसूरच्या कुक्करहळ्ळी तलावाच्या काठी सकाळी सहाला गेले, तर निम्मे शहर पायी निघाल्यासारखे वाटते. तिसऱ्या कृष्णराज वोडेयारांच्या काळात, १८६४ साली बांधलेला हा तलाव आज म्हैसूर विद्यापीठाच्या परिसरात आहे. त्याच्या काठची झाडांची वाट चालणाऱ्यांची आणि धावणाऱ्यांची आवडती. निवृत्त प्राध्यापक, साडीवर स्पोर्ट्स शूज घातलेल्या गृहिणी, कॉलेजची मुले, सगळेच येथे भेटतात. इन्फोसिसच्या मोठ्या प्रशिक्षण केंद्रामुळे पहिल्या नोकरीचे पहिले काही महिने म्हैसूरला काढणारी मराठी मुले-मुलीही बरीच. घरापासून दूर, हवा थंड, हातात पहिला पगार. मग पहिली मोठी खरेदी बऱ्याचदा धावण्याच्या बुटांचीच होते.

थोडे खाली, पायांकडे पाहावे. कोणी बुटाची मागची बाजू दाबून त्याची सपाता केलेली असते. कोणी करंगळीपाशी ब्लेडने चीर दिलेली असते. कोणी बाकावर बसून बूट काढतो आणि बोटे चोळतो. चार दिवसांनी ही मंडळी येईनाशी होतात. कारण विचारले तर ‘गुडघे दुखतात’, ‘वय झाले’, ‘आपल्याला नाही जमत’ अशी उत्तरे मिळतात. पुष्कळदा खरे कारण एवढेच असते, की पाय रुंद आहे आणि बूट अरुंद.

तीन-चार हजार रुपयांचे बूट कपाटात जाऊन पडतात, ते नुकसान झालेच. त्याहून मोठे नुकसान म्हणजे चालण्या-धावण्याची नुकती लागलेली सवय सुटते. डॉक्टरांनी साखर किंवा रक्तदाबासाठी चालायला सांगितले असेल, तर हे परवडणारे नाही.

आपला पाय रुंद का?

पाय रुंद असणे हा दोष नाही. लहानपणापासून अनवाणी किंवा चपलेवर वावरलेल्या पायाची बोटे मोकळी पसरतात. त्यांना कोणी दाबून एकत्र ठेवलेले नसते. बेल्जियममधील संशोधकांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात कायम अनवाणी चालणारे ७० भारतीय, पादत्राणे वापरणारे १३७ भारतीय आणि ४८ पाश्चात्त्य यांच्या पायांची तुलना केली होती. अनवाणी चालणाऱ्यांचे पाय अधिक रुंद होते आणि चालताना त्यांच्या तळव्यावर भार जास्त सारखा वाटला जात होता. पाश्चात्त्यांचे पाय त्या मानाने फारच निमुळते आढळले.

मुलांच्या बाबतीत आणखी एक अभ्यास ध्यानात ठेवण्यासारखा आहे, आणि तो कर्नाटकातल्याच डॉक्टरांचा आहे. राव आणि जोसेफ या दोघांनी ४ ते १३ वर्षे वयाच्या २,३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासले व निष्कर्ष १९९२ साली प्रसिद्ध केले. पादत्राणे घालणाऱ्या मुलांत सपाट तळव्यांचे प्रमाण ८.६ टक्के होते, न घालणाऱ्यांत २.८ टक्के. पुढून बंद असलेले बूट घालणाऱ्या मुलांत ते सर्वांत जास्त होते. म्हणजे बाळपणी घरात अनवाणी खेळू दिल्याने पाय बिघडत नाही, उलट घडतो.

अडचण पुढे येते, ती बूट बनवताना. प्रत्येक बूट एका साच्यावर बेतला जातो. मोची त्याला कालबूत म्हणतात. कालबूत निमुळत्या पायाचा असेल, तर त्यावरचा बूटही निमुळताच होणार. आपल्याकडे बुटांचे नंबर आले ते इंग्रजांबरोबर. भारतीयांचा पाय नेमका कसा आहे, याचे देशभर मोजमाप झाले ते अगदी अलीकडे. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात ७९ ठिकाणी १,०१,८८० जणांचे पाय यंत्राने मोजले. भारतीय पाय युरोपीय व अमेरिकी पायांपेक्षा रुंद असतो, हे त्यातून दिसले. घट्ट व न बसणारे बूट वापरणारे किती तरी लोक आहेत, हेही कळले. या पाहणीवरून भारतीय मापाची एक पद्धत सुचवण्यात आली असून तिला भारतावरून ‘भा’ असे नाव दिले आहे.

‘एक नंबर मोठा घ्या’

दुकानात बूट आवळला, की विक्रेता ताबडतोब म्हणतो, ‘एक नंबर मोठा घ्या सर.’ येथेच फसगत होते. इंग्रजी पद्धतीत एका नंबराने लांबी वाढते ती एक तृतीयांश इंच, म्हणजे सुमारे साडेआठ मिलिमीटर. रुंदी त्या मानाने थोडीच वाढते. मग करंगळी तशीच दबलेली राहते आणि टाच मात्र मागे सैल पडते. पाय जेथे दुमडतो तेथे बूट दुमडत नाही. धावताना पाय पुढे सरकतो आणि नखे बुटाच्या नाकावर आपटतात. चामुंडी टेकडीच्या हजारभर पायऱ्या असा बूट घालून उतरून पाहिल्या, तर दुसऱ्या दिवशी अंगठ्याचे नख काळे दिसायला लागते.

दुसरा सल्ला घरातल्या वडीलधाऱ्यांचा. ‘घालून घालून सैल होईल.’ हा अनुभव खोटा नाही, पण तो चामड्याचा आहे. नवी कोल्हापुरी चावते, तेल लावून चार दिवस वापरली की पायाला बसते. शिवाय तिची बाजू उघडी असते, त्यामुळे रुंदीचा प्रश्न तेथे फारसा येत नाही. धावण्याच्या बुटाचे कापड आणि रबर कृत्रिम असते, ते चामड्यासारखे सैलावत नाही. जो बूट दुकानात करंगळीला लागतो, तो महिन्याभरानेही लागणारच. धावताना दर पावलाला शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार पायावर येतो व पाय आणखी पसरतो, हेही लक्षात घ्यावे.

घरीच घ्या माप

दुकानात जाण्यापूर्वी दहा मिनिटे काढावीत. साधने घरातलीच: दोन कोरे कागद, पेन्सिल, पट्टी.

माप संध्याकाळी घ्यावे. दिवसभराच्या वावराने पाय थोडा सुजतो, धावतानाही तसाच होतो. जे मोजे घालून धावणार, तेच घालावेत. कागद भिंतीला टेकवून जमिनीवर ठेवावा, टाच भिंतीला लावून त्यावर सरळ उभे राहावे व पूर्ण भार पायावर टाकावा. बसून घेतलेले माप कमी येते. पेन्सिल उभी धरून दुसऱ्याने कडेकडेने रेघ ओढावी. दोन्ही पायांचे माप घ्यावे, कारण ते सहसा थोडे वेगळे असतात. मोठा पाय प्रमाण मानावा.

आता दोन आकडे लिहून ठेवावेत. टाचेपासून सर्वांत लांब बोटाच्या टोकापर्यंतची लांबी हा पहिला. पुष्कळांचे अंगठ्याशेजारचे बोटच लांब असते, तेव्हा तेच धरावे. अंगठ्याच्या आणि करंगळीच्या मुळाशी, पाय जेथे सर्वांत रुंद असतो तेथली रुंदी हा दुसरा. ढोबळ हिशेब असा: लांबी २५ सें.मी. असताना रुंदी १० सें.मी.च्या पुढे गेली, म्हणजेच लांबीच्या चार दशांशांहून जास्त भरली, तर रुंद बूट पाहावा.

दुकानात काय पाहावे?

म्हैसूरला बुटांची दुकाने पाहायची तर देवराज अर्स रस्ता आहे, पुण्यात लक्ष्मी रस्ता. दुकान कोणतेही असो, संध्याकाळी जावे, कागद बरोबर न्यावा आणि पुढील गोष्टी कराव्यात.

डब्यावर इंग्रजी, अमेरिकी व युरोपीय असे निरनिराळे नंबर असतात आणि बहुधा सेंटिमीटरही असतो. नंबर कंपनीगणिक बदलतो, म्हणून सेंटिमीटरकडे लक्ष द्यावे.

बुटाला रुंदीचेही माप असते, हे बहुतेकांना ठाऊक नसते. पुरुषांच्या बुटात ‘डी’ हे नेहमीचे, ‘टू-ई’ रुंद आणि ‘फोर-ई’ अतिरुंद. स्त्रियांच्या बुटात ‘बी’ नेहमीचे आणि ‘डी’ रुंद. न्यू बॅलन्स, असिक्स, ब्रूक्स अशा कंपन्या काही मॉडेल रुंद मापातही काढतात. दुकानात मांडलेले नसले, तर मागवून देता येतील का, हे विचारायला लाजू नये.

मग सर्वांत सोपी कसोटी. बुटाच्या आतला सुटा तळ बाहेर काढावा, जमिनीवर ठेवावा आणि त्यावर उभे राहावे. पाय कडेने बाहेर सांडत असेल, तर तो बूट आपला नाही. पुढे लांब बोटापलीकडे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. बूट घालून बोटे आत हलवता आली पाहिजेत, टाच मात्र उचलता कामा नये. दोन्ही बूट घालून, नाडी बांधून दुकानात चालून पाहावे, जमल्यास चार पावले धावावे.

भाषेची अडचण आली, तर कन्नडमधले दोन शब्द पुरतात. ‘अगल’ म्हणजे रुंदी आणि ‘बिगि’ म्हणजे घट्ट. ‘अगल जास्ती बेकु’ म्हटले, की रुंद हवा हे विक्रेत्याला कळते.

स्त्रियांची अडचण थोडी वेगळी. त्यांचे बूट बहुधा आणखी निमुळते असतात, आणि गरोदरपणानंतर काहींचा पाय कायमचा थोडा वाढतो. लग्नाच्या वेळचा नंबर चाळिशीतही तोच असेल, असे धरून चालू नये. स्त्रियांचे रुंद माप मिळाले नाही, तर त्याच सेंटिमीटरचा पुरुषांचा बूट खुशाल घालून पाहावा. पुरुषांचे नेहमीचे ‘डी’ हेच स्त्रियांचे रुंद माप आहे. रंग काळा-निळा असला म्हणून पायाला काही फरक पडत नाही.

नाडीची करामत

बूट लांबीला बरोबर, पण मधोमध किंचित आवळत असेल, तर नाडी बदलून पाहावी. जेथे आवळते, तेथे नाडी आडवी न नेता दोन्ही बाजूंनी सरळ वरच्या भोकात घ्यावी आणि त्यावरून पुन्हा नेहमीसारखी तिरकी ओवावी. तेवढ्या भागातला ताण कमी होतो. टाच सैल वाटत असल्यास अगदी वरच्या जादा भोकांचा उपयोग करावा. मात्र करंगळी बाहेरच्या कडेला घासत असेल, तर नाडीने ते सुटत नाही. तेथे बूटच बदलायला हवा.

यांनी विशेष जपावे

मधुमेह असलेल्यांच्या पायाची संवेदना कमी झालेली असू शकते. बूट चावतो आहे, हे त्यांना कळतच नाही, आणि साध्या फोडाची जखम होते. अशांनी ‘दुखत नाही म्हणजे ठीक आहे’ असे समजू नये. बूट घालण्यापूर्वी आत हात फिरवून खडा, शिवण पाहावी. नवा बूट पहिल्या दिवशी थोडा वेळच घालावा. रोज रात्री तळवे व बोटांच्या बेचक्या उजेडात तपासाव्यात. जमत नसेल, तर घरातल्या कोणाला तरी पाहायला सांगावे.

अंगठ्याच्या मुळाशी हाड बाहेर येऊ लागले, बोटांत मुंग्या किंवा आग होऊ लागली, कुरूप पुन्हा पुन्हा होऊ लागले, तर डॉक्टरांना पाय आणि बूट दोन्ही दाखवावेत. कुरूप ब्लेडने घरी कापू नये.

मुलांचा पाय वाढता असतो. ‘पुढच्या वर्षीही चालेल’ म्हणून दोन नंबर मोठा बूट घेऊ नये आणि थोरल्याचा झिजलेला बूट धाकट्याच्या पायात घालू नये.

मागायला हवे

पश्चिम बंगालमधील जलपायगुडीच्या स्वप्ना बर्मनच्या दोन्ही पायांना सहा-सहा बोटे आहेत. तिचा पाय साहजिकच रुंद, आणि बाजारातले बूट तिला नेहमी त्रास देत आले. तशाच बुटांत २०१८ साली जाकार्ता येथील आशियाई स्पर्धेत सात प्रकारांच्या हेप्टॅथलॉनमध्ये ६,०२६ गुण मिळवून तिने सुवर्णपदक आणले. या प्रकारातले ते भारताचे पहिले सुवर्ण. पदक मिळाल्यावर तिने आपल्याला मापाचे बूट हवेत, हे उघडपणे सांगितले. त्यानंतर आदिदास कंपनीने तिच्या पायांची मापे घेऊन खास बूट बनवून दिले.

सुवर्णपदक मिळेपर्यंत पायांनी सोसत राहण्याची गरज इतरांना नाही. रुंद बूट बनतात, पण गिऱ्हाईक रुंदी मागत नाही, म्हणून दुकानदार ते ठेवत नाही. तेव्हा या आठवड्यात एखाद्या संध्याकाळी घरातल्या सगळ्यांच्या पायांचे माप कागदावर उतरवून ठेवावे, आजी-आजोबांचेही. कपाटात पडून असलेल्या बुटांचे तळ काढून त्यावर एकदा उभे राहून पाहावे. सकाळचे फिरणे का सुटले, ते बऱ्याच घरांत तेवढ्यावरून कळेल, आणि ते पुन्हा सुरूही करता येईल.