वाळूचे भूशिर

समुद्र किनारा गिळू लागला की दगड टाकावे, हा आपल्याकडील सरकारी रिवाज झाला आहे. नेदरलँड्सने २०११ साली नेमके उलट केले. १९५३ च्या महापुरात अठराशेंहून अधिक माणसे गमावल्यावर जगातील बलाढ्य बांध उभारणाऱ्या त्या राष्ट्राने हेग शहरानजीक २ कोटी १५ लक्ष घनमीटर वाळू ओतून समुद्रात सुमारे एक किलोमीटर शिरणारे कृत्रिम भूशिर निर्माण केले. ते टिकावे म्हणून नव्हे, झिजावे म्हणून! लाटा, प्रवाह आणि वारा यांनीच ती वाळू वीसएक वर्षांत आजूबाजूच्या किनाऱ्यावर पसरावी, अशी ही योजना आहे. शत्रूलाच वेठीस धरण्याचा हा प्रकार!

सर्वच अपेक्षा पुऱ्या झाल्या असे नाही. भूशिरावरील तळ्यांनी वाऱ्यावरची वाळू अडविल्यामुळे मागील टेकड्या धीम्या गतीने वाढल्या. तथापि किनारा रुंदावला, पक्षी व सील तेथे विसावू लागले, नव्या वाळूत वनस्पती रुजल्या.

आता कोकणाकडे पाहावे. ज्याच्या वाडीतील माड डोळ्यांदेखत कोसळतात, त्याने धूपप्रतिबंधक बंधारा मागितला तर त्यास दोष कोण देईल? घरे लाटांच्या तोंडी आहेत तेथे दगडाला पर्याय नसेलही. परंतु बंधाऱ्यावर आपटून परतणारी लाट त्याच्या पायथ्याची वाळू ओढून नेते आणि त्याच्या टोकापाशी नवी धूप आरंभिते. जमीन वाचते, पण पुळण जाते. मग रापण ओढावी कोठे, होड्या लावाव्या कोठे, आणि वेळासला अंडी घालण्यास येणाऱ्या कासवांसारख्या जीवांनी जावे कोठे?

डच योजना जशीच्या तशी उचलावी, असे आम्ही म्हणत नाही. आपल्या पुळणी डोंगरांच्या नाकांमध्ये अडकलेल्या, आणि आपला पावसाळी दर्या निराळा. शिवाय खाड्या उपसून त्या वाळूने पुळणी भरणे म्हणजे एका खिशातले दुसऱ्यात घालणे होय. म्हणूनच शासनाने प्रथम एकच पुळण निवडावी, दोन पावसाळे तिच्या वाळूची जा-ये दरमहा मोजावी व आकडे जाहीर करावेत. वाळूचा प्रयोग त्यानंतर. आणि हे मोजमाप, ज्यांस दगडाचे कंत्राट मिळावयाचे आहे त्यांच्या हाती मात्र असू नये.