फुकटचा खेळाडू, महागडा करार

युरोपातील फुटबॉलचा हंगाम मे-जूनमध्ये संपला की मैदानाऐवजी बाजार गजबजतो. कोणता खेळाडू कोणत्या क्लबात जाणार, यावर महिनोन् महिने खल चालतो. कोल्हापूरच्या तालमींत आणि मुंबईच्या मोहल्ल्यांत रात्री जागून सामने पाहणारी आपली मुलेही त्यात हिरिरीने उतरतात. त्यांच्या वादाचे दोन मुद्दे ठरलेले असतात. पहिला : अमुक खेळाडूचा करार संपला आहे, तो फुकटात मिळतो आहे, मग क्लब त्याला घेत का नाही? दुसरा : तमुक खेळाडूचे वय झाले, त्याला धावता येत नाही, तरी सर्वांत मोठा पगार तोच घेतो, त्याला काढत का नाहीत?

वरवर पाहता हा वाद खेळाचा आहे. खरे तर तो चोपडीचा आहे. ज्याच्या गल्ल्यातून दर आठवड्याला मजुरी बाहेर पडते, अशा प्रत्येकाने त्यात लक्ष घालावे असा तो आहे.

प्रथम हा ‘फुकटचा’ खेळाडू आला कोठून ते पाहू. पूर्वी युरोपात खेळाडूचा करार संपला तरी तो मोकळा होत नसे. नव्या क्लबाने जुन्या क्लबाला पैसे मोजल्याशिवाय त्याला जाता येत नसे. बेल्जियममधील लिएज क्लबचा जाँ-मार्क बॉसमन या खेळाडूचा करार १९९० साली संपला. क्लबने त्याच्यापुढे नवा करार ठेवला तो जुन्या पगाराच्या चौथ्या हिश्शाचा. त्याने नकार दिला. फ्रान्समधील डंकर्क क्लब त्याला घ्यावयास तयार होता, परंतु लिएजने कागद अडवून धरला. बॉसमन न्यायालयात गेला. १५ डिसेंबर १९९५ रोजी युरोपीय न्यायालयाने निकाल दिला की, करार संपल्यावर खेळाडूसाठी पैसे मागणे हे कामगाराच्या कोठेही जाऊन काम करण्याच्या हक्काआड येते. त्या दिवसापासून करार संपलेला खेळाडू स्वतःचा मालक झाला. यालाच ‘फ्री एजंट’ म्हणतात.

आपल्या यंत्रमागाच्या गावांतील लोकांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. कारागिराने उचल घेतलेली असते. ती फिटल्याशिवाय तो दुसऱ्याच्या मागावर जाऊ शकत नाही, किंवा नवा मालक जुन्या मालकाची उचल फेडून त्याला आणतो. फरक इतकाच की बॉसमनवर क्लबचे एक पैशाचेही देणे नव्हते. न्यायालयाचा निकाल रास्तच होता.

पण निकालाने फुकटचा माल निर्माण केला, असे समजणे चूक आहे. पैसे गेले नाहीत, त्यांनी फक्त खिसा बदलला. साधा हिशोब करा. समजा एका खेळाडूसाठी क्लबने जुन्या क्लबाला १ कोटी युरो दिले, करार ५ वर्षांचा केला आणि वर्षाला २० लाख पगार ठरवला. खरेदीची रक्कम पाच वर्षांवर वाटली तर क्लबला तो वर्षाला ४० लाखांस पडला. आता दुसरा खेळाडू ‘फुकटात’ आला. त्याला ठाऊक असते की क्लबचे १ कोटी वाचले आहेत. तो व त्याचा दलाल त्यातील वाटा मागतात : पगार ४० लाख, शिवाय सही करण्याचे बक्षीस, शिवाय दलाली. म्हणजे तो पहिल्यापेक्षा महागच पडला. पहिला तरुण असेल तर दोन वर्षांनी विकून काही रक्कम परत येते. दुसरा तिशी ओलांडलेला असेल तर परत काहीच येत नाही. खरेदीची किंमत एकदाच टोचते, पगार दर महिन्याला टोचतो.

इंग्लंडच्या चेल्सी क्लबने हे २००० साली अनुभवले. बार्सिलोनाचा डच बचावपटू विन्स्टन बोगार्डे त्यांना मोफत मिळाला. करार ४ वर्षांचा. पगार आठवड्याला सुमारे ४० हजार पौंड असल्याचे तेव्हा प्रसिद्ध झाले. काही आठवड्यांतच प्रशिक्षक बदलला आणि नव्या प्रशिक्षकाला तो नको झाला. क्लबने त्याने जावे म्हणून बरेच प्रयत्न केले, पण तो गेला नाही. चार वर्षांत जेमतेम डझनभर सामने खेळून, करार पुरा करूनच तो बाहेर पडला. त्या दराने हिशोब केला तर ‘फुकटच्या’ खेळाडूवर ८० लाख पौंडांहून अधिक खर्च झाले. चाहत्यांनी त्याला लोभी म्हटले. वास्तविक त्याने कोणाला फसवले नव्हते. कागदावर क्लबची सही होती, आणि सही केलेला शब्द पाळणे हे देणाऱ्याचे काम असते.

मग फुकटचा आणि वयाचा खेळाडू घेऊच नये काय? तसेही नाही. इटलीत मिलान क्लबने २०११ साली आंद्रेआ पिर्लोला जाऊ दिले. तिशी उलटलेल्यांना एकेक वर्षाचाच करार द्यायचा, असे त्या क्लबचे धोरण होते आणि पिर्लो ३२ वर्षांचा होता. युव्हेंटसने त्याला एक पैसा न मोजता उचलले. त्याच्या पहिल्याच हंगामात युव्हेंटस एकही सामना न हरता इटलीचा विजेता झाला, आणि पिर्लो तेथे होता त्या चारही वर्षी विजेतेपद त्याच क्लबकडे राहिले. पिर्लोचा खेळ कधी पायांच्या वेगावर उभा नव्हता. तो नजरेवर आणि अचूक चेंडू देण्यावर उभा होता, आणि ते हुनर वयाबरोबर लवकर झिजत नाही. युव्हेंटसने खेळाडूचे काम पाहिले, मिलानने त्याचा जन्मदाखला पाहिला.

दुसऱ्या मुद्द्याचा, म्हणजे जुन्या खेळाडूंच्या फुगलेल्या पगाराचा, सर्वांत मोठा धडा बार्सिलोनाने दिला. हा क्लब कोणा शेठजीचा नाही. तो सभासदांच्या मालकीचा असून अध्यक्ष मतांनी निवडला जातो. ज्यांनी क्लबला वैभव मिळवून दिले त्या खेळाडूंना नाराज करण्याची हिंमत कोणत्या अध्यक्षाला होणार? प्रत्येक नव्या करारात पगार चढत गेला. कोरोनाच्या साथीत मैदाने ओस पडली, उत्पन्न आटले. ऑक्टोबर २०२० मध्ये क्लबने जेरार्ड पिके व आणखी तिघांशी लांब मुदतीचे नवे करार केले. त्यात तात्पुरते कमी घेऊन उरलेले पुढे द्यायचे ठरले. म्हणजे आजचे देणे उद्यावर ढकलले. त्यानंतर आठवड्याभरातच अध्यक्ष बार्तोमेऊ यांनी खुर्ची सोडली. देणे मागे राहिले.

ऑगस्ट २०२१ मध्ये नवे अध्यक्ष लापोर्ता यांनी जाहीर केले की क्लबवर १३५ कोटी युरोंचे कर्ज आहे आणि पगारावर उत्पन्नाच्या १०३ टक्के रक्कम खर्च होते. आपल्या भाषेत सांगायचे तर शंभराची विक्री आणि मजुरीच एकशे तीनची. सूत, वीज, भाडे वेगळे! स्पेनच्या लीगमध्ये प्रत्येक क्लबाच्या पगारखर्चाला मर्यादा असते. तिच्यामुळे निम्मा पगार सोडावयास तयार असलेल्या लिओनेल मेस्सीलाही क्लब ठेवू शकला नाही. तो रडत बाहेर पडला आणि पॅरिसला गेला.

त्याच उन्हाळ्यात क्लबने मेम्फिस डिपाय आणि एरिक गार्सिया हे दोन खेळाडू ‘फुकटात’ आणले होते. त्यांचे नावच नोंदवता येईना, कारण मर्यादा संपलेली होती. शेवटी ३४ वर्षांच्या पिकेने आपल्या पगारात मोठी कपात मान्य केली, तेव्हा कोठे ते मैदानात उतरले. चाहत्यांचे दोन्ही मुद्दे येथे एकाच जागी येऊन भेटतात. फुकटच्या नव्या माणसासाठी जागा हवी असेल तर ती जुन्याच्या पगारातूनच निघते. आणि हे आधी ठरवले नाही तर ऐन वेळी जुन्याच्या मेहेरबानीवर दुकान चालवावे लागते.

तेव्हा दोष कोणाचा? फुकट मिळणाऱ्याचा नाही, वयस्काचाही नाही. दोष त्या हिशोबाचा आहे, ज्यात कालच्या कामाचे बक्षीस उद्याच्या पगारात मिसळले जाते. पगार हा उद्याच्या कामाचा मोबदला होय. केलेल्या खिदमतीची कदर अवश्य करावी, पण ती वेगळी आणि उघडपणे करावी. दोन्ही एकाच आकड्यात कालवले की मालकाला तो पगार जड होतो, शेजारी बसलेल्या तरुणाला तो अन्याय वाटतो, आणि सरतेशेवटी ज्याची कदर करावयाची त्या जुन्या माणसाच्याच नावाने लोक बोटे मोडतात. काल ज्याला खांद्यावर घेऊन नाचले, त्याच्या निवृत्तीचे दिवस चाहते आज मोजू लागतात. पैसे देऊन आपण त्याची इज्जतच घालवलेली असते.

व्यापारी व कारागीर बांधवांनो, आपल्या कारखान्यात मेस्सी नाही. पण वीस-पंचवीस वर्षे हात झिजवलेले उस्ताद आहेत. त्यांची नजर मंदावली, हात सावकाश चालू लागला की आपण दोनपैकी एक करतो. एक तर भिडेखातर जुन्याच दराने आठवडा देत राहतो आणि मनातून कुढतो, किंवा एके दिवशी कठोर होऊन घरी बसवतो. दोन्ही गैर आहेत. त्याच्याजवळ बसून मोकळेपणाने बोलावे. कातडे पारखणे, नक्षी जुळवणे, पोरांना काम शिकवणे, मालाची तपासणी करणे, असे जे काम त्याचे हुनर आजही उत्तम करते ते त्याच्याकडे द्यावे आणि त्याचा रास्त दर ठरवावा. गेलेल्या वर्षांसाठी जे द्यावयाचे ते एकरकमी, हिशोब लिहून, सन्मानाने द्यावे. कायद्याने मिळणाऱ्या ग्रॅच्युइटीमागील विचार हाच आहे. कारखाना लहान असल्याने कायदा लागू होत नसला तरी विचार लागू होतो.

आणि दुसऱ्याचा कारागीर ‘उचलीशिवाय, मोकळा’ चालून आला तर हुरळून जाऊ नये. तो किती दिवसांसाठी येतो, कोणत्या कामासाठी येतो, त्याला दिलेला दर कळल्यावर आपले जुने कारागीर काय म्हणतील, हे आधी विचारावे. मुदत थोडी ठेवावी, काम पाहून वाढवावी. एकदा शब्द दिला की मात्र तो पाळावा. नुकसान सोसावे लागले तर तो सही करणाऱ्याचा तोटा समजावा. काम करणाऱ्याच्या मजुरीतून तो वसूल करण्याचा कोणाला हक्क नाही.