मदत करणाऱ्याला काय भेटते?

"लोकांचं करून तुम्हाला काय भेटते हो?" हा प्रश्न आपल्या दारव्ह्यात नेहमीच ऐकू येतो. मी ख्रिस्ती आहे, म्हणून कोणी गमतीनं "स्वर्ग भेटत असन" म्हणतं, तर कोणाला धर्मांतराचा संशय येतो. सरळच सांगतो. मदतीच्या बदल्यात धर्म मागितला तर तो सौदा झाला, मदत नाही. आणि मदत करणाऱ्याला भेटते ते इथंच, याच जन्मात.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात शेतकऱ्यानं आत्महत्या केली की प्रकरण 'पात्र' की 'अपात्र' ते ठरतं. पात्र ठरलं तर घराला १ लाख रुपये. त्यासाठी सातबारा पाहिजे, थकीत कर्जाचे कागद पाहिजेत. मग वारस फेरफार, निराधार योजनेचा अर्ज. कधी तहसीलची पायरी न चढलेल्या बाईला हे सगळं सुतकातच सुरू करावं लागते. तिच्यासोबत दोन दिवस जाऊन बसा. पैसे लागत नाहीत, वेळ लागतो. पण घरी येता तेव्हा आपल्या अडचणींचं माप बदललेलं असते. कागद कुठं अडतो ते कळते. गावात एक घर आपलं होते.

पंडिता रमाबाईंचे आई-वडील आणि मोठी बहीण दुष्काळात उपासमारीनं गेले. पुढं १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो उपाशी मुली, विधवांना सोबत घेऊन आल्या. केडगावचं मुक्ती मिशन त्या कामातूनच वाढलं. मला वाटते, आपण भोगलेलं दुःख दुसऱ्याच्या कामी येणं, यापेक्षा मोठा दिलासा नाही.

आता फोटोचं. किराणा किट देतानाचा फोटो टाकला की लाइक भेटतात, आणि तेवढंच भेटते. दाखवण्यासाठी दान करणाऱ्याला त्याचं फळ तिथंच मिळून गेलं, असं येशूनं बजावलं आहे. शिवाय त्या बाईची लाचारी गावभर फिरते ते वेगळंच. येशूच्या गोष्टीतल्या चांगल्या शोमरोन्याचं तर नावही दिलेलं नाही. त्यानं जखमी माणसाला उतारशाळेत नेलं, खर्च दिला, आणि परत येतो म्हणून सांगितलं.

खरं मोल त्या परत येण्यातच आहे. तेराव्याला सगळेच जातात. तिसऱ्या महिन्यात कोण जाते?

तुमच्या गावात असं एखादं घर असन. या आठवड्यात जा. मोबाईल खिशातच राहू द्या.