बिनधुराची आग

विशेषणे फार फसवी असतात, हे मी वर्षानुवर्षे वर्गात सांगत आलो आहे. त्याचा पुरावा मात्र व्याकरणात नव्हे, उरणला सापडतो. भाऊच्या धक्क्यावरून लाँचने मोऱ्याला उतरावे आणि बोकडवीऱ्याकडे वळावे, म्हणजे वायूवर चालणारे सरकारी वीजकेंद्र दिसते. इथली पहिली यंत्रे १९८२ साली सुरू झाली, ती मुंबई हायच्या वायूवर. धुराड्यांतून धूर म्हणाल तर रतीभर नाही. वर नुसती हवा थरथरते, उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर थरथरते तशी. पाहणारा चटकन म्हणतो, "किती स्वच्छ! नैसर्गिक वायू आहे ना!"

आता गंमत पाहा. कोळसाही जमिनीतूनच निघतो; पण 'नैसर्गिक कोळसा' असे कोणी म्हणत नाही! एके काळी कोळशापासून वायू तयार करीत आणि त्यावर मुंबईच्या रस्त्यांवरचे दिवे जळत. त्या वायूहून हा निराळा, एवढाच काय तो 'नैसर्गिक' या शब्दाचा अर्थ. त्याच्या शेपटाला धरून 'स्वच्छ' कधी आत शिरले, ते कळलेच नाही.

जुन्या नैयायिकांना हा घोटाळा ठाऊक होता. धूर दिसला की तेथे अग्नी आहे, हे अनुमान खरे. पण अग्नी आहे तेथे धूर असलाच पाहिजे, असे नाही. त्यांचा दाखला तापलेल्या लोखंडी गोळ्याचा. त्यांनी उरण पाहिले असते, तर बिचाऱ्या गोळ्याला सुट्टी मिळाली असती.

नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन. एक किलो मिथेन जळाला की पावणेतीन किलो कार्बन डायऑक्साइड आणि सव्वादोन किलो पाण्याची वाफ. दिले एक आणि परत आले पाच! हे सावकारी व्याज नव्हे. वरचे चार किलो म्हणजे हवेतून घेतलेला प्राणवायू. वाफेचे पाणी होऊन ती खाली येते. कार्बन मात्र वर ठाण मांडून बसतो, आणि त्यातला पुष्कळसा शतकानुशतके.

केंद्राची क्षमता ६७२ मेगावॅट. यातले ४३२ मेगावॅट वायूच्या चक्रांचे आणि उरलेले २४० त्या चक्रांतून बाहेर पडणाऱ्या उष्णतेवर केलेल्या वाफेचे. एकाच आचेवर खाली भात आणि वर वरण, हा आपल्या गृहिणींचा जुनाच हिशेब! सारे पूर्ण क्षमतेने चालले तर दिवसाला १ कोटी ६१ लाख युनिटे होतात. युनिटमागे ४०० ते ५०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड धरला, तर दिवसाचे साडेसहा ते आठ हजार टन. तेवढ्याच विजेला कोळशाने पंधरा हजार टनांच्या आसपास काढला असता. राखेचे ढीग वेगळेच. म्हणजे वायू निम्म्याने बरा. पण 'निम्म्याने बरा' अशी जाहिरात कोण करील?

शिवाय ज्वाला इतकी प्रखर की हवेतला नायट्रोजनही जळतो, आणि त्याची ऑक्साइडे दम्याच्या माणसाला सोसवत नाहीत. त्याहून वाईट म्हणजे वाटेतली गळती. न जळता निसटलेला मिथेन वीस वर्षांच्या हिशेबात, वजनाला वजन, कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपटींहून अधिक उष्णता कोंडतो. नळ थोडे अधिक गळले, की ही निम्म्याची बढाई संपली.

आणि वायू तरी आहे कुठे? टंचाईमुळे हे केंद्र वर्षानुवर्षे पूर्ण क्षमतेने चाललेले नाही. स्वदेशी वायूच्या वाटपात तुमच्या-आमच्या शेगडीचा नळ आणि रिक्षांचा सीएनजी यांचा मान वीजकेंद्राच्या आधी. आमच्या घरी या क्रमाबद्दल कोणाचीच तक्रार नाही!

मला विचाराल तर जो थोडका वायू मिळतो, तो दिवेलागणीसाठी राखावा. दिवसा सूर्य वीज देतो आणि नेमका घरोघरी दिवे लागताना तो मावळतो. कोळशाचा थंडावलेला बॉयलर तापायला कित्येक तास घेतो. वायूचे चक्र अर्ध्या तासात कामाला लागते. वाफेचे चक्र मागाहून येते हे खरे, आणि तोवर युनिटमागे कार्बन अधिक पडणार. तेवढा मी आकाशकंदिलाच्या खाती मांडायला तयार आहे.