उत्तर कोणाच्या मालकीचे?

दहावीच्या मराठीच्या कृतिपत्रिकेत कवितेच्या ओळींचे रसग्रहण करावयास सांगितले जाते. या प्रश्नाचा एक ठरीव साचा आता महाराष्ट्रभर रूढ झाला आहे. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्ये असे तीन कप्पे. प्रत्येक कप्प्यात दोन-तीन वाक्ये. आरंभी कवीचे व कवितेचे नाव, अखेरीस कवितेने दिलेला संदेश. मार्गदर्शक पुस्तकातून ही वाक्ये वहीत उतरतात, वहीतून पाठ होतात आणि परीक्षेच्या दिवशी उत्तरपत्रिकेत जमा होतात. कविता न वाचताही हे उत्तर लिहिता येते, हेच या साच्याचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य!

हा प्रश्न मराठीच्या शिक्षकांचा आहे, पक्षाच्या साप्ताहिकाने त्यात कशाला पडावे, असे काही कार्यकर्त्यांना वाटेल. परंतु दहा वर्षांच्या शालेय शिक्षणात मुलाला ‘तुला काय वाटले?’ असे विचारण्याच्या जागा मोजक्याच असतात. गणितात ती जागा नाही, इतिहासात नावापुरती आहे. साहित्याच्या तासाला ती हक्काने असावयास हवी. त्या जागीही जर बाजारातून विकत आणलेले मतच भरावयाचे असेल, तर श्रमजीवींच्या मुलाला शाळा नेमके काय शिकविते? आपण पाहिले, भोगले, त्यातून काही समजले, त्याला उत्तर म्हणत नाहीत. उत्तर दुसऱ्या कोणाच्या तरी मालकीचे असते, हेच. हातात सत्ता नसलेल्या वर्गाला याहून घातक धडा दुसरा नाही.

कर्जत आणि खालापूर या तालुक्यांत हा धडा विशेष बोचतो, कारण याच भूमीत त्याचा उतारा उपलब्ध आहे. नारायण सुर्वे आयुष्याच्या उत्तरकाळात कर्जत तालुक्यातील नेरळला राहत होते. २०१० साली ते गेले. गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराला रस्त्यावर सापडलेले हे मूल. आडनावही त्यांना गंगारामांकडूनच मिळाले. पुढे ते महापालिकेच्या शाळेत शिपाई झाले आणि नंतर शिक्षक. ‘मास्तर, तुमचंच नाव लिवा’ ही त्यांची कविता शाळेत मुलाचे नाव घालावयास आलेल्या एका आईचे बोलणे आहे. मुलाच्या नावापुढे लावावयाचे बापाचे नाव तिच्याजवळ नाही.

ही कविता नेहमीच्या साच्यात घातली की भाषिक वैशिष्ट्यांच्या कप्प्यात ‘बोलीभाषेचा प्रभावी वापर’ एवढे तीन शब्द पडतात आणि विषय संपतो. खरे वाचन तेथे सुरू व्हावयास हवे. नुसते शीर्षक घेतले तरी एक तास पुरणार नाही. ‘लिवा’च्या जागी ‘लिहा’ घातले तर काय हरवते? ‘तुमचं’ऐवजी ‘तुमचंच’ का? त्या एका ‘च’मध्ये विनवणी आहे, की आव्हान? ती आई ‘गुरुजी’ किंवा ‘सर’ म्हणत नाही, ‘मास्तर’ म्हणते. त्यातून ती कोठून आली आणि टेबलापलीकडच्या माणसाला काय समजते, याचा काही माग लागतो का? आणि बापाच्या नावाचा रकाना भरल्यावाचून मूल शाळेत येऊ शकत नाही, हा नियम कोणाच्या सोयीचा? पहिला प्रश्न अक्षराचा आहे, शेवटचा समाजरचनेचा. परंतु दोहोंच्या मध्ये कोठेही उडी मारावी लागत नाही. शब्दाला घट्ट धरून चालत गेले की माणूस आपोआप तेथे पोचतो.

या वाटेवर शहरी मुलापेक्षा वाडीवरचे मूल मागे पडेल, असे मानण्याचे कारण नाही. ज्याच्या घरी ‘लिवा’ असेच बोलतात, त्याला या शब्दाचे वजन कोणी समजावून सांगावे लागत नाही. दुर्दैव असे की तोच शब्द त्याच्या निबंधात आला तर त्याखाली लाल रेघ येते, आणि कवीच्या ओळीत आला तर त्याचे सौंदर्य पाठ करावयास सांगितले जाते. कातकरी आणि ठाकर मुलांसाठी तर प्रमाण मराठी ही पहिलीपासूनच निम्मी परकी भाषा. प्रमाण भाषा त्यांना आली पाहिजे, याविषयी दुमत असू नये. तिच्यावाचून अर्ज, करार, सातबारा वाचता येत नाही. पण ती घरची बोली पुसून आणावी लागते, हे कोणी ठरविले?

दुसरे उदाहरण जन्मतारखेचे. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत असंख्य माणसांची जन्मतारीख १ जून आहे. शाळेत नाव घालताना आईबापांना तारीख सांगता आली नाही आणि मास्तरांनी आपल्या हाताने ती लिहून टाकली. ज्या मुलाच्या बापाची वा आजोबांची तारीख अशी आहे, त्याला ‘सुर्व्यांच्या कवितेतील मास्तरांच्या लेखणीत कोणती सत्ता आहे?’ असे विचारून पाहावे. मार्गदर्शक पुस्तकात नसलेले उत्तर त्याच्या घरात आहे.

पावसाच्या कवितांचेही असेच. पाऊस म्हणजे आनंद, सृष्टीचे हिरवे लेणे, बळीराजाचे समाधान, असे ठरून गेलेले आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले. ५७ माणसे ढिगाऱ्याखालीच राहिली आणि शोध थांबविण्यात आला. वाडीतील काही मुले त्या रात्री आश्रमशाळेत होती, म्हणून वाचली. अशा मुलासमोर पावसाची आनंदी कविता ठेवू नये, असे नव्हे, जरूर ठेवावी. परंतु ‘या कवितेतला पाऊस कोणाच्या घरावर पडतो आहे?’ असे विचारण्याची मुभा त्याला असली पाहिजे, आणि त्या प्रश्नाला गुणही मिळाले पाहिजेत.

येथे आपल्या चळवळीलाही दोन शब्द सुनावणे भाग आहे. आपल्या शिबिरांतून कविता वाचल्या जातात त्या बहुधा घोषणेची पूर्वतयारी म्हणून. कवी आपल्या बाजूचा की त्यांच्या, एवढे ठरले की पुस्तक मिटते. ‘ही कविता शोषणाविरुद्ध आहे’ हे वाक्यही कविता न वाचता लिहिता येते. तेही मार्गदर्शक पुस्तकच, फक्त वेष्टन लाल! आणि अनुभव सांगितला म्हणजे समीक्षा झाली, असा उलटा भ्रमही नको. मुलाने आपली हकीकत सांगावी, मात्र मग पुन्हा ओळीकडे यावे आणि ‘मला असे वाटले ते या शब्दामुळे’ असे बोट ठेवून दाखवावे. कवितेत जे नाही ते तिच्यावर लादले असेल, तर शेजारच्या मुलाने तसे सांगावे. मतभेद पुराव्याने सोडवावयाची सवय लोकशाहीला लागते. ती एका कवितेवर लागू शकते.

असे लेखन विद्यार्थ्यांना पेलत नाही, असे ज्यांचे म्हणणे असेल त्यांनी १८५५ साल आठवावे. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेतील मुक्ता साळवे या मातंग विद्यार्थिनीचा निबंध त्या वर्षी ‘ज्ञानोदया’त छापून आला. ज्या ग्रंथांवर एका वर्णाचीच मालकी सांगितली जाते ते ग्रंथ आमचे कसे, असा तिचा सवाल होता. आणि शेजारी तिने आपल्या लोकांची पाहिलेली हलाखी मांडली होती. एकीकडे ग्रंथाच्या अधिकाराची तर्काने केलेली चिकित्सा, दुसरीकडे डोळ्यांनी पाहिलेला पुरावा. शाळेत येऊन तिला किती वर्षे झाली होती? फुल्यांची पहिली शाळाच १८४८ची.

शिक्षकांना दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. निवडणूक, जनगणना, सर्वेक्षणे यांतून उरलेल्या वेळात त्यांनी साठ उत्तरपत्रिकांतील साठ निरनिराळी मते तपासावीत, ही अपेक्षा कागदावरच राहते. सारखी उत्तरे तपासण्यास सोपी असतात. साचा टिकतो तो मुख्यतः यामुळे. पालकांचेही चुकत नाही. पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला गुण हवेतच, आणि मार्गदर्शक पुस्तक खासगी शिकवणीपेक्षा स्वस्त पडते. म्हणून मुलांच्या हातून ते पुस्तक हिसकावण्याचा उद्योग आपण करू नये. परीक्षेसाठी साचा, आणि आठवड्यातून एक संध्याकाळ साच्यावाचून, एवढी तडजोड आज पुरेशी आहे.

माथेरानच्या नाभिक कुटुंबात जन्मून वकील झालेल्या भाई कोतवालांनी कर्जत तालुक्यात शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा चालविल्या होत्या. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर ते हुतात्मा झाले. त्यांच्या नावाने दरवर्षी सभा होतात. त्या सभांच्या खर्चातून दोन-चार वाड्यांवर अभ्यासिकेचा दिवा लागू शकेल. सामग्री फारशी लागत नाही. फळ्यावर किंवा कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलेली एक कविता. ती दोनदा मोठ्याने वाचावी, अर्थ सांगू नये. ज्या शब्दाशी मूल अडखळले तो त्याने स्वतः सांगावा, आणि चर्चा तेथून सुरू व्हावी. कार्यकर्त्याने निम्मा वेळ गप्प बसावे, हे आपल्याला सर्वांत अवघड जाईल! शेवटी प्रत्येकाने पाच ओळी लिहाव्यात, बोलीत चालतील. दुसऱ्या आठवड्यात त्याच पाच ओळी प्रमाण मराठीत. साने गुरुजींनी अमळनेरच्या छात्रालयात मुलांसाठी हस्तलिखित दैनिक चालविले होते. आपल्याला महिन्याचे एक हस्तलिखित जमावयास हरकत नसावी.

वीटभट्ट्यांवरच्या कामासाठी कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वाड्या सोडतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. तेव्हा पहिली बैठक गणपतीच्या सुमारासच घ्यावी लागेल, म्हणजे वाडी रिकामी होण्यापूर्वी मुलांच्या हाती आठ-दहा कविता उतरलेली एक वही असेल. ती वही भट्टीवर बरोबर जाऊ द्यावी, आणि महिन्यातून एकदा कोणीतरी सायकल काढून तेथे जावे.